घरातील समुद्रासाठी शुद्ध पाणी

समुद्र ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी समुद्राचे पाणी घरी तयार करीत बसावे, ही गोष्ट ऐकणाऱ्यास प्रथम हास्यास्पद वाटेल. गेल्या वर्षी आमच्या शाळेत खाऱ्या पाण्याचे एक लहानसे मत्स्यालय मांडावयाचे ठरले, तेव्हा आठवीतील एका विद्यार्थ्याने नेमका हाच प्रश्न केला. "सर, मिरामारला जाऊन चार कॅन भरून आणले, तर नाही का चालणार?" वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हांला पाण्याविषयी पुष्कळ शिकावयास मिळाले आणि एक चूकही पदरी आली. विज्ञान हा आमचा विषय नव्हे. आम्ही भाषेचे शिक्षक. म्हणूनच जे आम्हांला समजले ते कोणासही समजेल, अशा विश्वासाने हा लेख लिहीत आहो.

प्रथम त्या विद्यार्थ्याचे उत्तर. मिरामारचा किनारा मांडवीच्या मुखाशी आहे आणि तेथून जवळच जुवारी समुद्रास मिळते. पावसाळ्यात या नद्या घाटाखालचे सारे पाणी घेऊन येतात, तेव्हा मुखाजवळचे पाणी जवळजवळ गोडे होऊन जाते. उन्हाळ्यात तेच खारट असते. शिवाय नदीमुखाच्या पाण्यात गाळ, होड्यांचे तेल आणि वस्तीचे सांडपाणीही उतरते. मत्स्यालयात ठेवावयाचे प्राणी बहुधा प्रवाळांच्या परिसरातील असतात. तेथे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हे प्रमाण बाराही महिने फारसे ढळत नाही. अशा प्राण्यांना आज खारट, उद्या मचूळ पाणी मानवत नाही. यास्तव घरगुती मत्स्यालयासाठी शुद्ध पाणी घ्यावयाचे आणि त्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवावयाचे, ही रीत सोयीची ठरली आहे. बेळगाव, इंदूर वा बडोदे येथे राहणाऱ्या आपल्या बांधवांना तर दुसरा मार्गच नाही.

नळाचे पाणी का चालत नाही?

"आम्ही जे पाणी पितो, ते माशाला का चालू नये?" हा दुसरा प्रश्न. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते, परंतु ते केवळ पाणी नसते. जंतू मरावेत म्हणून त्यात क्लोरीन घातलेला असतो. तो माशांच्या कल्ल्यांना अपायकारक आहे. त्याखेरीज जमिनीतून आलेले नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट आणि नळांतून उतरलेले धातूंचे अंश त्यात असू शकतात. आपल्या पोटाला त्या अल्प प्रमाणाची बाधा होत नाही. मत्स्यालयात मात्र फॉस्फेट व नायट्रेट यांवर शेवाळ माजते, सिलिकेटमुळे काचेवर तपकिरी थर चढतो आणि तांब्याचा लवलेशही झिंग्यांच्या जिवावर उठतो.

येथे थोडे गणित करू. आमची काचपेटी १०० लिटरची आहे. तीतून दररोज सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. म्हणून ही तूट गोड्या पाण्याने भरावी लागते. दीड लिटर गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला ५४७ लिटर झाले. जर आपण नळाचे पाणी ओतीत राहिलो, तर वर्षाअखेरीस साडेपाच पेट्या भरतील एवढ्या पाण्यातील घटक त्या एका पेटीत साचतील. एका तांब्यात जे उपेक्षणीय, ते वर्षभरात उपेक्षणीय राहत नाही.

पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकंदर प्रमाण मोजण्यास टीडीएस मीटर नावाचे पेनाएवढे साधन मिळते. ते दर लिटरला किती मिलिग्रॅम, याचा अंदाज विजेच्या वहनावरून सांगते. आमच्या शाळेच्या नळाखाली ते धरले तेव्हा आकडा ९२ आला. गोव्याचे पाणी मुळातच हलके, त्यामुळे आकडा लहान. मत्स्यालयासाठी तो शून्यावर आणावयाचा होता.

मिठातली तोरे आणि उलट परासरण

उन्हाळ्यात आपल्या घरी मिठाच्या पाण्यात तोरे घालतात. काही दिवसांनी बरणी उघडली की ती कोवळी कैरी सुरकुतलेली दिसते. तिच्यातील पाणी सालीतून बाहेर, खारट बाजूकडे गेलेले असते. पातळ पडदा मध्ये असला म्हणजे पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे आपण होऊन जाते. यास परासरण म्हणतात. १७४८ साली फ्रान्समधील नोले नामक धर्मगुरूने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधून ते पाण्यात ठेवले, तेव्हा पाणी आत शिरून कातडे फुगलेले त्याला आढळले. परासरणाचे हे पहिले शास्त्रीय निरीक्षण समजतात.

आता खारट बाजूवर पुरेसा दाब दिला तर? पाणी उलट दिशेने जाईल आणि क्षार मागे राहतील. हे तत्त्व ठाऊक असले, तरी दाब सोसून भरपूर पाणी जाऊ देणारा पडदा सापडत नव्हता. तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन् यांनी तयार केला. १९६५ साली कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावास अशा संयंत्राचे पाणी मिळू लागले. आज आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेला आरओ हा त्याचाच वंशज होय.

यंत्राची चार अंगे

मत्स्यालयासाठी लागणाऱ्या यंत्रात पाणी चार टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा गाळणीचा. दाबून केलेल्या धाग्यांची ही नळकांडी सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतचा गाळ अडवते. दुसरा टप्पा कोळशाचा. सक्रिय कोळसा क्लोरीन काढून घेतो. हे काम केवळ माशांसाठी नव्हे, पुढील पडद्यासाठीही अत्यावश्यक आहे, कारण आजच्या पडद्याची क्लोरीनने नासाडी होते.

तिसरा टप्पा म्हणजे तो पडदा, ज्याला बाजारात मेंब्रेन म्हणतात. कागदाची गुंडाळी करावी तसा तो एका नळीभोवती गुंडाळलेला असतो. त्यातून दोन वाटा निघतात. एकीतून शुद्ध पाणी थेंबथेंब येते, दुसरीतून मागे राहिलेले क्षार घेऊन उरलेले पाणी निघून जाते. दुसऱ्या वाटेवर प्रवाह रोखणारी एक लहान नळी असते. ती नसेल तर दाबच तयार होत नाही. घरगुती मेंब्रेन बहुधा ७५ गॅलनचे असते, म्हणजे योग्य दाब मिळाल्यास ते दिवसाला सुमारे २८० लिटर पाणी देऊ शकते.

चौथा टप्पा रेझिनचा. पिण्याच्या यंत्रात हा नसतो. मत्स्यालयाच्या यंत्रात तोच महत्त्वाचा. हे बारीक दाणे दोन प्रकारचे असतात. एक प्रकार कॅल्शियम, सोडियम यांसारखे धन आयन धरून त्यांच्या बदली हायड्रोजनचे आयन सोडतो. दुसरा क्लोराइड, नायट्रेट यांसारखे ऋण आयन धरून हायड्रॉक्सिल सोडतो. सुटलेले हे दोघे एकत्र आले की त्यांचे पाणीच होते! विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडली. रंग बदलणारे रेझिन घ्यावे, म्हणजे ते संपत आल्याचे डोळ्यांना दिसते.

जोडणी

आम्ही नवे यंत्र न घेता एका पालकांनी दिलेला जुना घरगुती आरओ वापरला. त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पिण्याच्या पाण्यास चव यावी म्हणून अशा यंत्रात थोडे मूळ पाणी परत मिसळणारी चावी किंवा क्षार घालणारी नळकांडी असते. मत्स्यालयास ती नको. म्हणून मेंब्रेनमधून बाहेर पडताच, तिच्या अगोदर, शुद्ध पाण्याची नळी वळवून आम्ही ती रेझिनच्या नळकांड्यास जोडली.

दाबाचा विचारही करावा. मेंब्रेनला दर चौरस इंचास निदान ४० ते ५० पौंड दाब लागतो. गच्चीवरची टाकी १० मीटर उंचीवर असली, तरी तिचा दाब जेमतेम १४ पौंड भरतो. म्हणून पंप हवाच. घरगुती यंत्रात तो असतो. सुटे भाग आणून जोडणाऱ्याने तो विसरू नये.

क्रम असा ठेवावा. नवी गाळणी व नवा कोळसा बसवून, मेंब्रेन न बसविता, दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू द्यावे. कोळशाची काळी पूड निघून जाते. मग मेंब्रेन बसवावे. रबरी कड्यांना व्हॅसलीन लावू नये, त्याने रबर बिघडते. सिलिकॉनचे वंगण लावावे. नव्या मेंब्रेनला टिकवणीचे द्रव्य लावलेले असते, म्हणून पहिल्या दोन तासांचे शुद्ध पाणीही टाकून द्यावे. रेझिन सर्वांत शेवटी जोडावे, म्हणजे ते व्यर्थ खर्ची पडत नाही. नळ्यांचे प्रत्येक तोंड नीट काटकोनात कापलेले असावे. तिरपे कापले की गळती ठरलेली.

चाचणी

यंत्र चालू झाल्यावर आम्ही तीन ठिकाणी मोजले. नळाशी ९२, मेंब्रेननंतर ४, रेझिननंतर ०. म्हणजे मेंब्रेनने ९२ पैकी ८८ अडविले. हे प्रमाण सुमारे ९६ टक्के झाले. उद्या मधला आकडा वाढून १२ झाला, तर तेच प्रमाण ८७ टक्क्यांवर येईल आणि मेंब्रेन बदलावयाची वेळ आली असे समजावे. म्हणून केवळ शेवटचा शून्य पाहून समाधान मानू नये. मेंब्रेन दुबळे झाले, तरी रेझिन त्याचा भार मुकाट्याने वाहते आणि लवकर संपते.

आणखी दोन सूचना. यंत्र काही दिवस बंद असले, तर सुरुवातीच्या काही मिनिटांचे पाणी रेझिनकडे न नेता टाकून द्यावे. त्यात क्षार अधिक असतात. क्लोरीन टीडीएस मीटरला दिसत नाही, म्हणून कोळशानंतरचे पाणी क्लोरीनच्या चाचणी-थेंबांनी अधूनमधून तपासावे.

आमची चूक

आता जी चूक आमच्या हातून घडली, ती सांगणे प्राप्त आहे. शून्याचा आकडा आला त्या दिवशी आम्हांला मोठा आनंद झाला. एवढे निर्मळ पाणी प्लास्टिकच्या डब्यात कशाला ठेवावे, असे मनात आले आणि आम्ही घरचा तांब्याचा हंडा घासूनपुसून शाळेत नेला. तांब्यातले पाणी पवित्र आणि आरोग्यदायक, हा आपल्या घरोघरचा समज. त्याच हंड्यातून रोजचे दीड लिटर पाणी पेटीत जाऊ लागले.

पाचव्या दिवशी सकाळी दोन झिंगे तळाशी उताणे पडलेले दिसले. काचेवरच्या गोगलगाई गळून वाळूत पडल्या होत्या. दोन्ही क्लाऊनफिश मात्र ठीक होते. एका मुलीने डोळ्यांत पाणी आणून विचारले, "सर, मीटर तर शून्य दाखवीत होता ना?" होय, परंतु तो हंड्यात पाणी ओतण्यापूर्वीचा शून्य होता. ज्या पाण्यात काहीच नाही ते पाणी स्पर्श होईल त्यातून काहीतरी उचलण्यास उत्सुक असते. हंड्याचे तांबे रात्रभर त्यात उतरत होते. शिवाय झिंग्यांना मारण्यास पुरेसे तांबे इतके थोडे असते की हा मीटर ते धड दाखवूही शकत नाही. त्यासाठी तांब्याची वेगळी चाचणी करावी लागते. ती केली तेव्हा थेंबांचा रंग बदलला आणि शंकेस जागा उरली नाही. नवल असे की झिंग्यांच्या रक्तातही तांबे असते. त्यावाचून त्यांना प्राणवायू वाहून नेता येत नाही. परंतु बाहेरून आलेले अधिकचे तांबे त्यांना सोसत नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबे उघडले, तेव्हा एकाच्या डब्यात सुंगटांचे हुमण होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी हसले नाही. खाण्यासाठी आणलेले सुंगट आणि सांभाळण्यासाठी घेतलेले सुंगट यांत फरक आहे, हे त्यांना न सांगता कळले होते. ज्याची जबाबदारी आपण घेतली, त्याचा जीव आपल्या अज्ञानाने गेला, ही गोष्ट आम्हांला फार दिवस टोचत राहिली. आम्ही मासे दुसऱ्या पेटीत हलविले, सारे पाणी व वाळू टाकून दिली आणि पेटी नव्याने मांडली. आता शुद्ध पाणी अन्नासाठी योग्य अशा प्लास्टिकच्या झाकणाच्या पिंपात राहते. त्याच्या वाटेवर तांबे वा पितळ यांची चावीसुद्धा नाही.

टाकलेल्या पाण्याचा हिशेब

मे महिन्याच्या आरंभी दुसऱ्या एका विद्यार्थिनीने याहून अवघड प्रश्न केला. तिच्या वाड्यावर टँकर येत होता. ती म्हणाली, "एक लिटर शुद्ध पाण्यासाठी तीन लिटर गटारात जाते. हे बरे आहे का?" आम्ही उत्तर दिले नाही, फळ्यावर गणित मांडले.

चार लिटर पाणी आत गेले. लिटरमागे ९२ मिलिग्रॅम, एकूण ३६८. शुद्ध एक लिटरबरोबर ४ गेले. उरलेले ३६४ मिलिग्रॅम तीन लिटरांत वाटले, तर लिटरमागे सुमारे १२१ झाले. म्हणजे ज्याला आपण टाकाऊ म्हणतो, ते पाणी ९२ ऐवजी १२१ चे आहे, इतकेच! ते झाडांना, फरशी पुसण्यास, फळ्याचे फडके धुण्यास सर्वथा योग्य आहे. मात्र कोळशाने त्यातील क्लोरीन काढलेला असल्यामुळे ते पिण्यासाठी साठवू नये. जेथे कूपनलिकेचे पाणी ९०० चे असेल, तेथे हाच आकडा ११९० च्या आसपास जाईल. ते रोज झाडांना घालणे बरे नव्हे. तेव्हा प्रत्येकाने आपल्या पाण्याचे गणित आपण करावे.

आमच्या पेटीस आठवड्याला सुमारे २० लिटर शुद्ध पाणी लागते. त्यामागे ६० लिटर बाजूस पडते. ती नळी आता गटारात न जाता एका पिंपात जाते आणि पिंपातून शाळेच्या अंगणातील जास्वंदी व अबोलीला. त्या पाण्याची पाळी मुलांनी वाटून घेतली आहे. जाता जाता हेही सांगतो, की २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ज्या पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे, तेथे आरओला मनाई करण्याविषयी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास निर्देश दिले होते. ९२ च्या पाण्यास पिण्यासाठी आरओ लावणे हा निव्वळ अपव्यय आहे. हे ऐकून काही मुलांनी घरी जाऊन मीटर लावला, असे समजते.

मीठ आणि शेवट

शुद्ध पाणी झाले. आता त्याचा समुद्र करावयाचा. "आगरातले मीठ घालू या, ते समुद्राचेच ना?" असेही कोणी विचारले. परंतु आगरात मीठ धरते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आदी बरेच घटक मागे उरलेल्या कडू पाण्यात राहून जातात. मत्स्यालयाच्या मिश्रणात तेही प्रमाणात घातलेले असतात. २० लिटर पाण्यास सुमारे ७०० ग्रॅम किंवा थोडे अधिक मिश्रण लागते. पाण्यात मिश्रण घालावे, मिश्रणावर पाणी ओतू नये. लहान पंपाने दिवसभर घुसळत ठेवावे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ भरले म्हणजेच वापरावे.

पेटीत काय ठेवावे याविषयी एकच विनंती. समुद्रातून प्रवाळ वा समुद्रघोडे काढून आणू नयेत. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या ग्रांद बेटाभोवती प्रवाळ आहेत. ते तेथेच शोभतात. क्लाऊनफिश आता मानवाच्या देखरेखीखाली जन्मास येतात. तसेच मागून घ्यावेत.

सध्या आमच्या यंत्राशेजारी एक वही टांगलेली आहे. तीत दर सोमवारी तीन आकडे लिहिले जातात: नळाचा, मेंब्रेननंतरचा, रेझिननंतरचा. चौथा रकाना मुलांनी आपण होऊन वाढविला आहे. त्यात बाजूस पडलेले पाणी किती लिटर आणि ते कोठे घातले, हे लिहितात. तांब्याचा हंडा आम्ही घरी परत नेला. तो पिण्याच्या पाण्यासाठी उत्तम आहे. पेटीत नवे दोन झिंगे आले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी शाळा सुटल्यावर अवश्य यावे. वहीतील आकडे कसे वाचावयाचे, हे आठवीचा कोणताही विद्यार्थी सांगेल.